जनुकांचा वारसा आणि औद्योगिक नगरे
हृदयविकार व मधुमेहावरील संशोधनाचा विकासविषयक अर्थ

स्वतंत्र भारताच्या औद्योगिक इतिहासात भिलाईचे स्थान महत्त्वाचे आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यातील भातशेतीच्या मुलखात पोलाद कारखाना उभारण्याचे निश्चित झाले. त्या वेळी हा भाग ज्या जुन्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. विदर्भ व छत्तीसगड एकाच राज्यात होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत सार्वजनिक क्षेत्रात जे तीन मोठे पोलाद प्रकल्प हाती घेण्यात आले, त्यांत राउरकेला व दुर्गापूर यांच्याबरोबर भिलाईचा समावेश होता.

कारखान्याबरोबर नगर वसले. छत्तीसगडच्या खेड्यांतून, तसेच विदर्भ, आंध्र, ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, केरळ, पंजाब अशा अनेक प्रांतांतून माणसे आली. म्हणूनच भिलाईला ‘लघुभारत’ म्हटले जाते. शेतात राबणारा तरुण एका पिढीत सेक्टरमधील क्वार्टरमध्ये राहू लागला, पाळीने कामावर जाऊ लागला आणि त्याच्या हाती दरमहा वेतन येऊ लागले. त्याच्या मुलांना शाळा, दवाखाना व पोटभर अन्न मिळाले. विकासाचा अर्थ हाच होता आणि तो बऱ्याच अंशी साध्य झाला.

तथापि, या यशाबरोबर आजारांचे स्वरूपही बदलले. अतिसार, हिवताप व क्षय यांचे वर्चस्व कमी होत जाते आणि त्यांची जागा उच्च रक्तदाब, मधुमेह व हृदयविकार घेतात. या बदलाला साथरोगशास्त्रीय संक्रमण असे म्हणतात. ही संकल्पना अब्देल ओमरान यांनी १९७१ मध्ये मांडली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह असून आणखी १३.६ कोटी व्यक्ती मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. दक्षिण आशियात हृदयविकाराचा पहिला झटका येण्याचे मध्यक वय ५३ वर्षे, तर इतर देशांत ते सुमारे ५९ वर्षे असल्याचे ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासावरून २००७ मध्ये दाखवण्यात आले. निवृत्तीपूर्वीची ही वर्षे कुटुंबाच्या दृष्टीने सर्वाधिक कमाईची असतात.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. हा दोष आपल्या रक्ताचा, की आपल्या वस्तीचा? दोष वंशातच असेल तर शासनाला करण्यासारखे फारसे उरत नाही आणि परिस्थितीत असेल तर बरेच काही करता येते. गेल्या सुमारे २५ वर्षांतील जनुकीय व रेण्वीय संशोधनाने या प्रश्नाचे उत्तर देण्याची साधने उपलब्ध करून दिली आहेत. प्रस्तुत लेखात त्या संशोधनाचा, विशेषतः नागपूर, पुणे व हैदराबाद येथील कार्याचा, सार्वजनिक धोरणाच्या दृष्टीने परामर्श घेतला आहे.

काही मूलभूत संकल्पना

मानवी पेशीतील संपूर्ण डीएनएला जनुकसंच म्हणतात. त्यात सुमारे तीन अब्ज अक्षरे असून प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. मानवी जनुकसंचाचा मसुदा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, तर प्रकल्प पूर्ण झाल्याची घोषणा २००३ मध्ये झाली. उरलेल्या रिकाम्या जागा २०२२ मध्ये भरण्यात आल्या.

जनुकीय आजारांचे दोन प्रकार विद्यार्थ्यांनी नीट ओळखले पाहिजेत. पहिला प्रकार एकजनुकीय. छत्तीसगड व विदर्भाला परिचित असलेला सिकलसेल हे त्याचे ठळक उदाहरण होय. हिमोग्लोबिनच्या एका साखळीच्या जनुकात एकच अक्षर बदलते आणि आई व वडील या दोघांकडून तो बदल आला तर आजार होतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. येथे तपासणी, समुपदेशन व उपचार हा मार्ग स्पष्ट आहे.

दुसरा प्रकार बहुजनुकीय. टाइप २ मधुमेह, उच्च रक्तदाब व हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार हे बहुतांशी या प्रकारात मोडतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुमारे २५ लाख व्यक्तींच्या माहितीवरून टाइप २ मधुमेहाशी निगडित अशी ६११ जनुकीय स्थाने आढळली. यांतील प्रत्येकाचा परिणाम अत्यल्प असतो. अशा अनेक लहान परिणामांची बेरीज करून जो अंक मिळतो त्यास बहुजनुकीय जोखीम गुणांक म्हणतात. हा अंक शक्यता सांगतो, भवितव्य सांगत नाही.

तिसरी संकल्पना अधिजनुकीय नियंत्रणाची. डीएनएचा मजकूर तोच राहतो, पण त्यावर मेथिल गटासारखी रासायनिक खूण बसल्यास जनुकाचे कार्य वाढते किंवा मंदावते. गर्भावस्थेतील पोषणाचा परिणाम पुढील आयुष्यावर कसा होतो, हे समजून घेण्यासाठी ही संकल्पना उपयुक्त आहे.

भावंडांची तुलना : स्थलांतराचा अभ्यास

शहरी माणसाला गावकऱ्यापेक्षा मधुमेह अधिक होतो, हे सर्वश्रुत आहे. परंतु यावरून शहर हे कारण आहे असे सिद्ध होत नाही. गाव सोडणारी माणसे मुळातच वेगळी असू शकतात. त्यांचा वंश, जात, शिक्षण वा शरीरयष्टी निराळी असू शकते. अर्थशास्त्रात याला निवडीचा दोष म्हणतात.

ही अडचण दूर करण्यासाठी २००५ ते २००७ या काळात लखनौ, नागपूर, हैदराबाद व बंगळूर येथील चार कारखान्यांत ‘भारतीय स्थलांतर अभ्यास’ करण्यात आला. गावातून आलेल्या कामगाराला वा त्याच्या जोडीदाराला गावीच राहिलेल्या आपल्या एका भावंडाला तपासणीसाठी बोलावण्यास सांगण्यात आले. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा जनुकीय वारसा समान असतो, आईवडील तेच असतात आणि बालपणही बहुधा एकाच घरात गेलेले असते. त्यानंतर एक शहरात जातो व दुसरा मागे राहतो. निसर्गाने व समाजाने मिळून जणू एक प्रयोगच आखून दिला होता.

या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण ६,५१० व्यक्तींची तपासणी झाली होती. बॉडी मास इंडेक्स म्हणजेच शरीरवस्तुमान निर्देशांक २५ पेक्षा अधिक असलेल्यांना स्थूल मानले, तर पुरुषांत हे प्रमाण गावी राहिलेल्यांमध्ये १९ टक्के, स्थलांतरितांमध्ये ३७.८ टक्के आणि मूळच्या शहरी पुरुषांमध्ये ४१.९ टक्के होते. मधुमेहाचे प्रमाण अनुक्रमे ६.२, १४.३ व १३.५ टक्के आढळले. स्त्रियांमध्येही चित्र साधारण असेच होते. म्हणजे मधुमेहाच्या बाबतीत स्थलांतरित आपल्या गावच्या भावापेक्षा शहरातील शेजाऱ्याच्या अधिक जवळ गेला होता. याच अभ्यासाच्या पुढील विश्लेषणातून असे दिसले की, शरीरातील चरबी शहरात आल्यानंतर पहिल्या दशकातच वाढते, तर रक्तदाब व इन्सुलिनचे बिघाड पुढे हळूहळू वाढत राहतात.

या चार कारखान्यांत भिलाईचा समावेश नव्हता. तरीही नागपूर-रायपूर लोहमार्गावरील या पोलादनगरीची सामाजिक घडण त्याच प्रकारची असल्यामुळे या अभ्यासाचा अर्थ तिला लागू पडतो. एका पिढीत जनुके बदलत नाहीत. वाढलेला आजार हा बदललेल्या परिस्थितीचा परिणाम आहे.

मात्र येथे उत्तर पूर्ण होत नाही. गावी राहिलेल्या पुरुषांतही १०० पैकी सहा जणांना मधुमेह होताच. शिवाय, तीच शहरी राहणी असूनही भारतीय व्यक्ती युरोपीय व्यक्तीपेक्षा लवकर आजारी का पडते, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर शोधण्याचे महत्त्वाचे काम पुण्यात झाले.

पुण्याजवळील सहा गावे

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांत ‘पुणे मातृ-पोषण अभ्यास’ सुरू केला. सुमारे ८०० गर्भवती स्त्रियांचा आहार, श्रम व रक्त यांची तपासणी करण्यात आली आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा पुढे अनेक वर्षे चालू राहिला.

या मुलांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोग्रॅम होते. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलोग्रॅम होते. भारतीय बालकाचे स्नायू व पोट आकाराने लहान होते, पण त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून कृश व आतून मेदयुक्त अशा या अवस्थेचे वर्णन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे प्रौढ रूप २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातील एका छायाचित्राने जगासमोर आले. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. युडकिन या दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३ असाच होता. परंतु शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के होती. केवळ वजन व उंची पाहून भारतीय माणसाची जोखीम ठरवता येत नाही, हा त्याचा अर्थ.

हे जनुकांमुळे घडते काय? १९६२ मध्ये जेम्स नील यांनी ‘काटकसरी जनुका’चे गृहीतक मांडले होते. दुष्काळात चरबी साठवून ठेवणारी जनुके सुबत्तेत घातक ठरतात, असे त्यांचे म्हणणे. १९९२ मध्ये हेल्स व बार्कर यांनी त्याला पर्याय दिला. गर्भात पोषण अपुरे मिळाल्यास शरीर काटकसरीने घडते आणि पुढे भरपूर अन्न मिळाले की ते त्यास पेलत नाही. पुण्याच्या अभ्यासाने दोन्ही बाजू तपासल्या. २००६ मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी टीसीएफ७एल२ या जनुकाचा टाइप २ मधुमेहाशी असलेला संबंध दाखवला होता. पुण्याचे संशोधक व हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राचे, म्हणजेच सीसीएमबीचे, डॉ. गिरिराज चांडक यांनी २००७ मध्ये भारतीयांतही तो संबंध प्रबळ असल्याचे सिद्ध केले. म्हणजे मधुमेहाचा एक प्रमुख जनुकीय धागा युरोपीय व भारतीय यांच्यात सामाईक आहे. भारतीयांची अधिक जोखीम त्यातून स्पष्ट होत नाही.

दुसऱ्या बाजूने मिळालेला पुरावा धोरणाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या गावांतील दोन तृतीयांश मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होती. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन-प्रतिरोध सर्वाधिक आढळला. याचे रेण्वीय स्पष्टीकरण असे दिले जाते. डीएनएवर मेथिल गट बसवण्याच्या प्रक्रियेत फोलेट व ब-१२ एकमेकांवर अवलंबून असतात. एक अपुरे पडले की गर्भाच्या जनुकांचे नियंत्रण बिघडू शकते. ब-१२ हे मुख्यतः दूध, अंडी, मासे व मांस यांतून मिळते. गरिबी आणि शाकाहार यांच्या संयोगातून निर्माण होणारी ही कमतरता अशा प्रकारे पुढील पिढीच्या शरीरावर उमटते.

ही मुले १८ वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे २९ टक्के मुलांमध्ये ग्लुकोजचे नियमन बिघडलेले आढळले. आणि त्याच वेळी जवळपास निम्मी मुले कमी वजनाची होती. कुपोषण हा गरिबांचा व मधुमेह हा श्रीमंतांचा आजार, ही विभागणी या गावांनी खोटी ठरवली. याच मुलामुलींना मातृत्व-पितृत्वापूर्वीच ब-१२ देऊन पुढील पिढीत फरक पडतो काय, हे तपासणारा प्रयोग २०१२ मध्ये सुरू करण्यात आला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. या संशोधनाचा अर्थ मातेला दोष देणे असा नव्हे. तिच्या ताटात काय वाढले जाते, हे घरातील सत्तासंबंध, मजुरीचे दर व बाजारभाव ठरवतात.

हैदराबाद : हृदयाच्या स्नायूतील एक बदल

काही प्रसंगी मात्र एकाच जनुकाचा वाटा मोठा असतो. हृदयाच्या स्नायूची रचना सांभाळणारे एक प्रथिन एमवायबीपीसी३ या जनुकात नोंदलेले असते. या जनुकातून २५ अक्षरे गळालेली असल्यास प्रथिनाचा एक भाग बिघडतो आणि हृदयाचा स्नायू उतारवयात दुबळा होऊ शकतो. सीसीएमबीचे डॉ. कुमारसामी थंगराज व अनेक संस्थांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी हे संशोधन २००९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. देशातील १०७ लोकसमूहांची तपासणी करून हा बदल भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत असल्याचे त्यांनी दाखवले. हृदयस्नायूच्या विकाराशी त्याचा संबंध सुमारे सातपट होता.

इतका घातक बदल हजारो वर्षे टिकून कसा राहिला? त्याची लक्षणे बहुधा मध्यमवयानंतर, म्हणजे अपत्यप्राप्ती होऊन गेल्यावर दिसतात; त्यामुळे नैसर्गिक निवड त्याला वगळू शकली नाही. पूर्वी सरासरी आयुर्मान कमी असल्याने हा दोष झाकलेला राहिला. आयुर्मान वाढले तसा तो उघड झाला. पुढे २०१८ मधील एका अभ्यासाने दाखवले की, हा बदल असलेल्या काही व्यक्तींत त्याच जनुकात आणखी एक बदल असतो आणि जोखीम त्यावरही अवलंबून असते.

देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली तर ४ टक्के म्हणजे पाच कोटींहून अधिक लोक होतात. त्या सर्वांची जनुकीय चाचणी करावी काय? जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन व युंगनर यांनी १९६८ मध्ये चाळणी-तपासणीचे निकष सांगितले. आजार महत्त्वाचा असावा, चाचणी विश्वासार्ह असावी, आजार ओळखल्यावर करण्यासारखा उपचार उपलब्ध असावा आणि खर्च परवडणारा असावा, हे त्यांतील प्रमुख होत. धारकांपैकी अनेकजण आयुष्यभर निरोगी राहत असतील आणि आगाऊ उपचार ठरलेला नसेल, तर सरसकट चाचणीतून भीतीच अधिक पसरेल. ज्या कुटुंबात तरुण वयात हृदयस्नायूचा विकार वा अकस्मात मृत्यू झाला आहे, त्या कुटुंबातील नातेवाइकांची क्रमाक्रमाने तपासणी करणे हा अधिक विवेकी मार्ग होय.

कारण आणि सोबत यांतील भेद

जनुकीय संशोधनाचा आणखी एक उपयोग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष रुचेल. कोणाला कोणते जनुक मिळावे हे जन्मापूर्वी एका प्रकारच्या सोडतीने ठरते. त्यावर पुढे उत्पन्न, शिक्षण वा सवयी यांचा परिणाम होत नाही. त्यामुळे जनुकाचा उपयोग कारण व परिणाम वेगळे करण्यासाठी करता येतो. या पद्धतीला मेंडेलीय यादृच्छिकीकरण म्हणतात. अर्थमितीतील साधन-चलाची पद्धत हीच.

पीसीएसके९ हे जनुक याचे उत्तम उदाहरण आहे. कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉलाशी त्याचा संबंध २००३ मध्ये आढळला. २००६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की, ज्या कृष्णवर्णीय व्यक्तींत हे जनुक जन्मतः निकामी असते, त्यांचे घातक कोलेस्टेरॉल २८ टक्क्यांनी कमी आणि हृदयविकाराचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी असते. या ज्ञानावर आधारित औषधे २०१५ मध्ये बाजारात आली. याउलट, ‘चांगले’ म्हणवले जाणारे कोलेस्टेरॉल वाढवणारी जनुके हृदयविकार कमी करतातच असे नाही, हे २०१२ मध्ये दिसून आले. अब्जावधी खर्च करून आखलेली काही औषधे का अयशस्वी ठरली, याचा उलगडा त्यातून झाला. एखादी गोष्ट आजाराचे कारण आहे की केवळ सोबतीण, हे ठरवल्याशिवाय तिच्यावर खर्च करू नये, हा धडा औषधनिर्मितीप्रमाणेच शासकीय योजनांनाही लागू पडतो.

माहिती कोणाची, लाभ कोणाचा?

२०१९ मधील एका आढाव्यानुसार जगातील जनुकीय संबंध-अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के युरोपीय वंशाचे होते. त्यावरून तयार केलेला जोखीम गुणांक भारतीयांना तितकासा अचूक लागू पडत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाला मंजुरी दिली. ८३ लोकसमूहांतील सुमारे १०,००० व्यक्तींच्या जनुकसंचाची माहिती ९ जानेवारी २०२५ रोजी संशोधकांसाठी खुली करण्यात आली. ती फरिदाबाद येथील भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवण्यात आली आहे. ही माहिती सार्वजनिक वस्तू आहे. एकाने वापरली म्हणून ती दुसऱ्याला कमी पडत नाही आणि खाजगी बाजार ती पुरेशा प्रमाणात निर्माण करत नाही.

या माहितीला दुसरी बाजूही आहे. जन्मजात जोखीम उघड झाल्यावर विमा कंपनीने संरक्षण नाकारले तर? २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर असेच एक प्रकरण आले. हृदयस्नायूच्या विकाराने पीडित व्यक्तीचा दावा ‘जनुकीय विकार’ म्हणून नाकारण्यात आला होता. असे सरसकट अपवर्जन संविधानाच्या अनुच्छेद १४ च्या विरोधी असल्याचे न्यायालयाने म्हटले. पुढे हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेले. अमेरिकेने जनुकीय भेदभावाला प्रतिबंध करणारा कायदा २००८ मध्येच केला. आरोग्य विमा व रोजगार ही त्याची क्षेत्रे आहेत. औद्योगिक नगरांच्या दृष्टीने रोजगाराचा मुद्दा कळीचा ठरतो. भट्टीवरील कामासाठी कामगार निवडताना जनुकीय चाचणीचा आधार घेतला जाऊ लागला, तर भट्टीजवळील उष्णता कमी करण्याची जबाबदारी बाजूला पडेल आणि कामगाराच्या रक्तालाच अपात्र ठरवले जाईल.

पैसा कोठे खर्चावा?

ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ मध्ये प्रतिबंधाच्या दोन पद्धती सांगितल्या. अधिक जोखमीच्या व्यक्ती शोधून त्यांच्यावर उपचार करणे ही पहिली; संपूर्ण समाजाची जोखीम थोडी थोडी खाली आणणे ही दुसरी. जनुकीय चाचणी पहिल्या पद्धतीत बसते. बहुजनुकीय आजारांत मात्र जोखीम समाजभर विखुरलेली असते. म्हणून दुसरी पद्धत सोडता येत नाही.

जनुकीय जोखीम असलेल्यांना प्रतिबंधाचा लाभ होत नाही, ही समजूतही टिकत नाही. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंध प्रयोगात टीसीएफ७एल२ चा जोखमीचा प्रकार असलेल्या व्यक्तींना मधुमेह अधिक वेगाने झाला. पण ज्यांनी आहार व व्यायाम यांत बदल केला, त्यांच्यात हा वाढीव धोका ठळकपणे दिसला नाही. चेन्नई येथील भारतीय मधुमेह प्रतिबंध प्रयोगात २००६ मध्ये जीवनशैलीतील बदलाने मधुमेहाचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

या पार्श्वभूमीवर धोरणाचा क्रम लावता येतो. तंबाखू नियंत्रण, मिठाचे प्रमाण, तेलातील ट्रान्स मेदावर २०२२ पासून लागू झालेली २ टक्क्यांची मर्यादा, आणि रक्तदाब व साखरेची नियमित तपासणी हे कमी खर्चाचे व सर्वांना लागू पडणारे उपाय आहेत. असंसर्गजन्य आजारांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला व २०२३ मध्ये त्याचे नाव बदलून व्याप्ती वाढवण्यात आली. त्यातील तिशीनंतरच्या तपासणीचे महत्त्व या संशोधनाने अधोरेखित होते.

दुसरा मुद्दा मातृपोषणाचा. ॲनिमिया मुक्त भारत अभियानाच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार किशोरी व गर्भवती स्त्रियांसाठीच्या गोळीत लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते, ब-१२ नसते. फोलिक आम्ल बालकाच्या मज्जासंस्थेतील जन्मदोष टाळते, म्हणून ते बंद करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यात ब-१२ ची भर घालावी काय, हा खरा प्रश्न होय. विशेष म्हणजे २०२१ मध्ये घोषित झालेल्या पोषणमूल्यवर्धित तांदळाच्या योजनेत लोह व फोलिक आम्लाबरोबर ब-१२ चाही समावेश करण्यात आला होता. छत्तीसगडसारख्या भातप्रधान राज्यात ब-१२ साठी कोणते माध्यम योग्य आणि किती मात्रा पुरेशी, हे स्थानिक रक्ततपासणीनेच ठरवावे लागेल.

तिसरा मुद्दा खर्चाचा. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घट स्वागतार्ह असली तरी रक्तदाब व मधुमेहाची गोळी रोज व आयुष्यभर घ्यावी लागते. रुग्णालयात दाखल झाल्यावरच मिळणारा विमा अशा आजाराला पुरा पडत नाही.

भिलाईसारख्या नगरांची संधी

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या लहान नगरात १९४८ मध्ये हृदयविकाराचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला आणि ‘जोखीम घटक’ ही कल्पना तेथून रूढ झाली. आपल्या पोलादनगरींमध्ये अशा अभ्यासाला अनुकूल परिस्थिती आहे. भिलाईत सेक्टर ९ येथे कारखान्याचे स्वतःचे रुग्णालय व संशोधन केंद्र आहे. रायपूर येथे २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, तर २०१६ मध्ये स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आता भिलाईतच कार्यरत आहे. गावातून आलेले आजोबा, कारखान्यात निवृत्त झालेले वडील आणि संगणकासमोर काम करणारा नातू अशा तीन पिढ्या येथे एका घरात सापडतात; शिवाय आजोबांचे भाऊबंद अद्याप गावी असतात. संमती, गोपनीयता व निष्कर्ष सहभागींना कळवण्याचे बंधन पाळून येथे कुटुंबनिहाय अभ्यास उभा राहिल्यास नागपूरच्या कारखान्यात व पुण्याच्या गावांत स्वतंत्रपणे विचारलेले प्रश्न एकत्र विचारता येतील.

मात्र अशा अभ्यासात केवळ कायम कामगारांची गणना झाली तर चित्र अपुरे राहील. कंत्राटी कामगार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि नगराबाहेरील वस्त्यांतील कुटुंबे यांच्याकडे सलग वैद्यकीय नोंदी नसतात. पुण्याच्या अभ्यासाने दाखवलेली जोखीम, म्हणजे अल्पपोषित मातेच्या पोटी जन्मलेले व पुढे शहरात आलेले मूल, याच कुटुंबांत सर्वाधिक असण्याची शक्यता आहे.

समारोप

हृदय व चयापचय विकारांच्या जनुकीय संशोधनाने वंशाला दोष देण्याची वाट मोकळी केली नाही, उलट ती अरुंद केली. काही कुटुंबांत एखाद्या जनुकाचा वाटा निर्णायक असतो आणि तेथे नेमकी तपासणी जीव वाचवू शकते. बहुसंख्यांच्या बाबतीत मात्र जनुके जोखमीची पातळी ठरवतात, तर गर्भातील पोषण व प्रौढपणीची परिस्थिती त्या जोखमीचे आजारात रूपांतर करतात. यांपैकी जनुके आपल्या हाती नाहीत. उरलेल्या दोन गोष्टी सार्वजनिक धोरणाच्या कक्षेत येतात. गावातून कारखान्यात आलेल्या पिढीने देशाला पोलाद दिले. तिच्या नातवंडांच्या पन्नाशीनंतरच्या निरोगी वर्षांसाठी तरतूद करणे, हा विकासखर्चाचाच एक भाग मानला पाहिजे.

सरावासाठी प्रश्न

१. एकजनुकीय व बहुजनुकीय आजारांतील फरक स्पष्ट करा. दोहोंसाठी तपासणीचे धोरण वेगळे का असावे?

२. भारतीय स्थलांतर अभ्यासात भावंडांची तुलना का करण्यात आली? निवडीच्या दोषाच्या संदर्भात चर्चा करा.

३. ‘कुपोषण व मधुमेह हे परस्परविरोधी प्रश्न नाहीत.’ पुणे मातृ-पोषण अभ्यासाच्या आधारे या विधानाचे परीक्षण करा.

४. जनुकीय माहिती ही सार्वजनिक वस्तू असूनही तिच्या वापरावर बंधने का आवश्यक आहेत? विमा व रोजगार यांच्या संदर्भात लिहा.